टिल्ली वळून बघत नव्हती

काकूंच्या पाळणाघराला पाटी नव्हती. दाराबाहेर इवल्या चपलांची रांग दिसली की समजायचं, हेच ते घर. दोन खोल्या आणि मागे फरशी घातलेलं छोटं अंगण. पुढची खोली मुलांची, मागची काकूंच्या संसाराची. पण संसार कधीच पुढच्या खोलीत पळून गेला होता. वाट्या, चाळणी, पातेल्यांची झाकणं, कपडे वाळत घालायचे चिमटे, विटलेले मोजे, सगळं मुलांच्या ताब्यात. काकूंचा नवरा छापखान्यात पुस्तकबांधणी करायचा. मुलं त्याला काका म्हणत. कागदाच्या गुंडाळ्या संपल्या की आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या तो बगलेत मारून घरी आणायचा. आणि संध्याकाळी चहाला पेला सापडला नाही की विचारायचा, "माझा पेला आज कुठल्या वर्गात बसलाय?"

विकतचं खेळणं काकूंकडे जवळजवळ नव्हतंच. सुरुवातीला हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी घरातल्या वस्तूंची खेळणी केली, मग ती सवय झाली, आणि मुलं कशात रमतात हे बघून बघून पुढे खात्री झाली. पावडरच्या डब्यात वाटाणे घालून त्यांनी खुळखुळे केले होते. झाकण घट्ट बसवायचं, वर जाड कापडाची पिशवी शिवून टाकायची. मोज्यात चिंध्या भरून लांबलचक साप केला होता, त्याला सगळी मुलं चावत. डब्याच्या काठाला चिमटा लावता आला की अंगठा आणि बोट एकमेकांना ओळखू लागतात, असं त्या म्हणत.

स्वभाव मात्र भारी काळजीचा. मुलांच्या हातात देण्याआधी प्रत्येक खेळणं त्या ओढून बघत, आपटून बघत, दातांनी चावूनसुद्धा बघत. काका म्हणायचा, "तुझा दात पडला की समजू, खेळणं पक्कं झालं." काकू हसत, आणि शिवण पुन्हा एकदा तपासत.

या काळजीपायी एकदा त्यांचे हात पोळले होते. पाळणाघरात एक गुटगुटीत मुलगा यायचा, त्याला सगळे पैलवान म्हणत. बरोबरीची मुलं चालू लागली तरी पैलवान बसल्या जागी राज्य करत होता. काकूंना राहवलं नाही. त्यांनी त्याच्या आईला सांगितलं की याला जरा दाखवून घ्या. त्या बिचारीनं पोराला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, पायांचे एक्स-रे काढले, घरात रडारड झाली. आणि मग एक दिवस अंगणात मांजर आलं, तर पैलवान उठून सरळ त्याच्या मागे चालत गेला. त्याची आई दारात इतर आयांसमोर म्हणाली होती, "तुमच्या मनात आलं म्हणून आम्ही घरभर रडलो." पैलवानाचं येणं बंद झालं, त्याच्या पाठोपाठ आणखी एका आईनं आपलं मूल पाळणाघरातून काढलं. काकूंनी तेव्हा कानाला खडा लावला. आपण मुलं सांभाळायची, खेळवायची. त्यांच्यात काय कमी आहे ते सांगायला आपण कोण?

टिल्ली आली ती यानंतर. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि वडील मालाची गाडी घेऊन गावोगाव, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. टिल्ली तेव्हा धड बसतही नव्हती. अंगानं बारीक, डोळ्यांनी मात्र सगळी खोली पिऊन टाकणारी. रांगायला लागली तशी कपाटाचा एकही कोपरा सोडला नाही. वाट्या एकात एक बसवणं तिला सगळ्यांच्या आधी जमलं. तोंडावर रुमाल घेऊन काकूंनी 'भो' केलं की खदखदा हसायची. एवढं हुशार पोर आपल्याकडे आलं नव्हतं, असं काकू काकाला कौतुकानं सांगत.

पहिली शंका आली ती भिंतीपाशी. काकूंनी भिंतीवर पुठ्ठ्याच्या नळ्या तिरप्या चिकटवल्या होत्या. वरून चेंडू सोडला की तो नळ्यांमधून गडगडत यायचा आणि कपाटाआड ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात ठण्णकन पडायचा. डबा मुलांना दिसत नसे. चेंडू आत गेला की पोरं श्वास रोखून कपाटाकडे बघत, आवाज येताच टाळ्या पिटत. टिल्लीही टाळ्या पिटायची, पण इतरांकडे बघून. चेंडू गेला की ती नळीच्या तोंडाकडेच बघत राहायची, मग काकूंच्या रिकाम्या हाताकडे. ठण्ण झाल्यावर सगळी डोकी एका बाजूला वळत. एक डोकं वळत नसे.

लहान आहे, तिला खेळ कळला नसेल, असं काकूंनी स्वतःला समजावलं. पण एकदा शंका मनात शिरली की ती पाहुण्यासारखी निघून जात नाही, घर करूनच बसते. पलीकडच्या आठवड्यात एका मुलानं झाकणांची चळत ओढून पाडली. एवढा मोठा दणका झाला की सगळी मुलं दचकली, दोघांनी भोकाड पसरलं. टिल्ली हातातल्या चिमट्याशी खेळत होती. तिनं मान वर केली, रडणाऱ्या पोराचा चेहरा पाहिला, खालचा ओठ पुढे काढला, आणि मग तीही रडायला लागली. काकूंना तो मधला वेळ दिसला. तिला दणका ऐकू आला नव्हता. ती रडणं बघून रडली होती.

त्या दिवसापासून काकूंचं खेळवणं खेळवणं राहिलं नाही. त्या टिल्लीच्या पाठीमागे जाऊन हळूच खुळखुळा वाजवायच्या. एकदा ती गर्रकन वळली. काकूंनी तिला उचलून छातीशी धरलं, मुके घेतले, आणि दिवसभर गुणगुणत काम केलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. तोच खुळखुळा, तीच जागा, टिल्ली वळली नाही. मग काकूंच्या लक्षात आलं की काल खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यांच्या हाताची सावली तिच्यासमोर फरशीवर पडली होती. त्यांनी जमिनीवर डबा आपटून पाहिला. टिल्लीनं लगेच मागे पाहिलं. पण तो डबा कानांनी ऐकला, की बुडाखालची फरशी थरथरली म्हणून कळला? कधी वाटे, ऐकू येतंय. कधी वाटे, नाही. पूर्वी ती दिवसभर बा-बा-बा करायची, तेही हल्ली कमी झालं होतं. की आपल्यालाच तसं वाटतंय?

त्यांनी काकाला सांगितलं. तो म्हणाला की तुझ्या डोक्यातून पैलवान अजून गेलेला नाही. खरं निघालं तर त्या माऊलीचं वाईट, खोटं निघालं तर आपलं. इकडे आड, तिकडे विहीर. लस द्यायला डॉक्टरांकडे नेतातच ना, त्यांना दिसेल की.

काकूंना ते पटलं नाही, पण आधार वाटला. मग एका संध्याकाळी त्यांनी आडून आडून टिल्लीच्या आईला विचारलं की घरी हाक मारली की बघते का गं. आई हसून म्हणाली की बघते म्हणजे काय, मी दारातून आत शिरले की नाचते नुसती. बोलायचं म्हणाल तर तिचे वडीलही उशिराच बोलले, आणि आताही कुठे फारसे बोलतात! आपल्याच नादात असते पोरगी. काकूही हसल्या. दारातून शिरल्यावर दिसतेसच की तू तिला, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी आत ढकललं. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य त्यांना टोचत राहिलं.

आणि मग ती दुपार आली. मुलं झोपली होती. काकू मागच्या खोलीत खेळण्यांच्या पिशव्यांना इस्त्री करत होत्या. बैठ्या चौरंगावर जाडसर चादर, तिच्यावर इस्त्री. पुढच्या खोलीत कुणीतरी कुरकुरलं म्हणून त्या उठल्या, मुलाला थोपटलं आणि मागे वळल्या. टिल्ली केव्हाच उठून रांगत मागच्या खोलीत गेली होती. चौरंगाला धरून उभी राहिली होती. तिचा हात इस्त्रीकडे चालला होता.

काकू ओरडल्या. असं त्या जन्मात ओरडल्या नव्हत्या. पुढच्या खोलीतली सगळी मुलं जागी होऊन रडायला लागली, शेजारच्या घराची खिडकी उघडली. टिल्लीचा हात थबकलासुद्धा नाही. तो तसाच, कुतूहलानं, पुढे गेला.

काकू पोचेपर्यंत दोन बोटांची टोकं टेकली होती. मग किंचाळी, मग नळाच्या गार पाण्याखाली धरलेला इवला हात. बोटांवर मोत्याएवढे फोड आले. त्यांनी औषधांच्या दुकानात फोन केला. आई येईपर्यंत त्या टिल्लीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. पोरगी हुंदके देत देत झोपली. काकूंच्या मनात मात्र एकच घोळत होतं. चूक माझी. इस्त्री खाली मी ठेवली. आणि आज जर मी तिच्या कानांबद्दल बोलले, तर ती काय समजेल? पण आज बोलले नाही, तर कधीच बोलणार नाही.

आई धावत आली. आधी बोटं पाहिली, फुंकर घातली, मुलीला कडेवर घेतलं. काकूंनी जे झालं ते सगळं सांगितलं, इस्त्री कुठे होती तेही. आणि मग म्हणाल्या, "अजून एक सांगायचंय. मी ओरडले तेव्हा सगळी मुलं जागी झाली. ही नुसती दचकलीसुद्धा नाही. मला बरेच दिवस वाटतंय गं, हिला ऐकू येत नसावं."

टिल्लीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. आवाज मात्र तिनं चढवला नाही.

"इस्त्री तुम्ही खाली ठेवलीत," ती म्हणाली, "आणि दोष माझ्या मुलीच्या कानांना?"

त्यात खोटं काही नव्हतंच. टिल्लीची आई तिची पिशवी, दुपटं, दुधाची बाटली गोळा करून निघून गेली. दाराबाहेर एक चप्पल तेवढी मागे राहिली.

दुसऱ्या दिवशी टिल्ली आली नाही. त्यानंतरही नाही. इस्त्रीची गोष्ट बाकीच्या आयांपर्यंत पोचली. कुणी काही बोललं नाही, पण मुलं सोडताना त्यांच्या नजरा खोलीभर, खालपासून वरपर्यंत फिरू लागल्या. काकूंना त्याचा राग आला नाही. त्यांनी इस्त्री काकाला छापखान्यात ठेवायला सांगितलं. भिंतीवरच्या नळ्या काढून टाकल्या, खुळखुळे वरच्या फळीवर गेले. वाजणारी वस्तू हातात धरवेना. रोज संध्याकाळी त्या काकाला विचारत की तिनं डॉक्टरांना दाखवलं असेल का. आणि मग स्वतःच म्हणत की नसेल, रागात कशाला दाखवेल. माझ्या चुकीमुळे ती माझं ऐकणार नाही, आणि तिकडे पोरीचे दिवस वाया जातील. आधी बोलले असते, साध्या संध्याकाळी, कुठलाही फोड नसताना, तर? जेवण पुढ्यात निवत राहायचं. काका एकदा चिडला. म्हणाला की तू असं करशील तर बाकीच्या मुलांना कोण बघणार? आणि मग स्वतःच उठून तिचं ताट गरम करून घेऊन आला.

एकदा काकू औषधांच्या दुकानापर्यंत गेल्या. पिशवीत ती चप्पल होती. दुकानात गर्दी होती. टिल्लीच्या आईनं मान वर केली, दोघींची नजरानजर झाली, आणि तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायला सुरुवात केली. काकू चप्पल घेऊन परत आल्या.

मग एका सकाळी ती स्वतःच आली. एकटी. मुलं खेळत होती, ती दारातच उभी राहिली. काकूंनी बस म्हटलं तरी बसली नाही. डोळे सुजलेले होते.

"तुम्हाला खोटं पाडायचं होतं मला," ती म्हणाली. "टिल्ली खाली बसून खेळत होती. मी तिच्या पाठीमागे उभी राहिले, पातेलं घेतलं आणि डावानं बडवलं. तिनं बघितलं नाही. मी बडवत राहिले, काकू. शेवटी शेजारच्या बाई दार ठोठावायला आल्या. टिल्ली खेळतच होती."

काकूंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. टिल्लीला झोपवून डोक्याला तारा लावल्या आणि तपासलं. दोन्ही कान. अगदीच बंद नाहीत, पण आपण बोलतो ते तिच्यापर्यंत पोचत नाही. कानामागे लावायची यंत्रं मिळतील. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की बरं झालं, लवकर आणलंत. "लवकर म्हणजे किती लवकर, ते मी विचारलं नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "तुम्हाला कधीपासून वाटत होतं?"

हा प्रश्न येणार हे काकूंना ठाऊक होतं. रोज त्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरं घोळवली होती. आता त्यांनी खरं तेच सांगितलं, की बरेच दिवस वाटत होतं, बोलायची हिंमत झाली नाही. जाताना टिल्लीची आई म्हणाली की सोमवारपासून आणते. दुसरीकडे ठेवायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

यंत्रं लावून टिल्ली आली, तेव्हा काकूंना वाटलं होतं की आता आनंदीआनंद होईल. त्यांनी फळीवरचा खुळखुळा काढला, तिच्यासमोर बसल्या आणि हलवला. टिल्ली अशी किंचाळली की जणू पुन्हा इस्त्रीला बोट लागलं. ती काकूंच्याच पदरात तोंड खुपसून थरथरत राहिली. त्या दिवशी चमचा पडला तरी ती रडली, नळ सोडला तरी रडली. सगळ्या घरानं जणू तिच्यावर हल्ला केला होता. काकूंना धडकीच भरली. आपण हे काय मागे लावलं पोरीच्या?

दवाखान्यातल्या बाईंनी टिल्लीच्या आईला सांगितलं होतं की सवय हळूहळू होते. एका वेळी एक आवाज, हलका, आणि तो कुठून येतो ते तिला दिसू दे. आईनं ते काकूंना सांगितलं, जरा आज्ञा दिल्यासारखं. काकूंनी सगळे खुळखुळे उसवले. वाटाण्यांच्या जागी तांदूळ घातले, डब्यांना आतून मऊ फलाटीनच्या कापडाचं अस्तर लावलं. पत्र्याच्या डब्यात घोंगडीचा तुकडा घातला, म्हणजे चेंडू धप्प एवढंच म्हणेल. नळ्या परत भिंतीवर चढल्या आणि डबा कपाटाआडून सगळ्यांसमोर आला. काकाला चपला ओढत चालायची सवय होती. त्याला पाय उचलून चालायचा हुकूम झाला. तो म्हणाला की लग्नाला एवढी वर्षं झाली, आज कळलं माझी चाल वाजते म्हणून.

तरी भीती काही गेली नाही. टिल्ली आवाजांना सरावली, पण बोलत नव्हती. बरोबरीची मुलं 'दे', 'नको', 'गेलं' म्हणू लागली होती. काकू दिवसभर तिच्याशी बोलत, वस्तू दाखवून दाखवून, आणि संध्याकाळी घसा बसायचा. टिल्लीची आई न्यायला आली की दारातच मुलीची दहाही बोटं एकेक करून बघायची. काकू शेजारी उभ्या राहून ते बघू द्यायच्या. दोघींमध्ये कामापुरतं बोलणं होई.

एका संध्याकाळी ती न्यायला आली आणि टिल्लीच्या एका कानामागे यंत्र नव्हतं.

मघाशी होतं, काकूंनी पाहिलं होतं. एवढीशी वस्तू, आणि खोलीत रांगणारी, दिसेल ते तोंडात घालणारी पोरं. कुणी गिळलं तर? त्यातली बारकी बॅटरी? आई गुडघ्यांवर बसली. काकूंनी मुलांना आतल्या खोलीत काकाकडे दिलं, एकेकाचं तोंड उघडून बघितलं, मग त्याही गुडघ्यांवर बसल्या. दोघी जमीन चाचपू लागल्या. वाट्या पालथ्या केल्या, चिमट्यांचा डबा ओतला, नळ्यांमध्ये हात घातले. टिल्लीच्या आईनं खुळखुळे एकेक करून हातात घेतले, दाबून बघितले. इतके महिने ती रोज या खोलीच्या दारात उभी राहत होती, पण ही खेळणी तिनं हातात घेतली नव्हती. एका पिशवीच्या शिवणीवर बोट फिरवत ती थांबली.

"हे सगळं परत शिवलंत?" तिनं विचारलं.

"वाटाणे फार वाजत होते," काकू म्हणाल्या.

आणि तेवढ्यात काकूंना आठवलं की यंत्र कानातून निघालं आणि कशात दाबलं गेलं की बारीक शिट्टी वाजवतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आईलाही कळलं. काकानं आतून मुलांना कसं गप्प केलं देव जाणे. दोघी बायका पसाऱ्यात तशाच ओणव्या, श्वास रोखून कान देऊन राहिल्या. टिल्ली मधोमध बसून एकदा आईच्या तोंडाकडे, एकदा काकूंच्या तोंडाकडे बघत होती.

डाव्या बाजूनं, कापडातून, डासासारखा बारीक आवाज येत होता. मोज्याच्या सापाच्या शिवणीला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, आणि टिल्लीनं आपलं यंत्र त्या भोकातून आत चिंध्यांमध्ये खुपसलं होतं. आईनं ते बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि हातात धरून तिथेच फरशीवर बसून राहिली. काकूही तिच्या शेजारी बसल्या. मग कुणाला आधी हसू आलं कोण जाणे.

टिल्ली पुढे बोलली. इतरांपेक्षा उशिरा, आणि काही अक्षरं तिला अजून नीट येत नाहीत, पण बोलली. तिची आई त्यानंतर दाराशी न थांबता आत येऊ लागली, चहा घेऊ लागली. बोटं बघायची तिची सवय काही सुटली नाही. काकूंची काळजीही सुटली नाही. नवं मूल आलं की त्या आजही आधी त्याच्या पाठीमागे जाऊन बसतात. पण आता काही वाटलं, तर त्याच संध्याकाळी दारात सांगून टाकतात, आणि त्या रात्री त्यांना झोप लागत नाही.